बोट विकायची नाही

३ एप्रिल, शनिवार

बोट आली. चौदा फुटी, फायबरची. मागे इंजिन, खाली दोन चाकांचा ट्रेलर. सेकंडहँड आहे, पण मीही काही कोरा नाही.

बोट आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची. गेल्या महिन्यात त्यांचा नंबर तपासताना मीच म्हटलं, लांबचं इतकं अंधुक दिसत असेल तर पाण्यावर जाऊ नका. त्यांनी ऐकलं. बोट माझ्याकडे आली. सल्ला देण्याचं अंग मला पहिल्यापासूनच आहे.

ही गॅलरीतून बघत होती. विचारलं, कशी वाटते? म्हणाली, मोठी आहे. म्हटलं, फोटोत लहान दिसत होती. म्हणाली, फोटो कधी दाखवलात?

या मुद्द्यावर नंतर बोलू.

बीपीवाल्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं की पाण्याकडे लक्ष द्या. हिचं म्हणणं, ते पाणी पिण्याबद्दल बोलत होते. डॉक्टरांच्या बोलण्याचा संकुचित अर्थ काढू नये.

संकल्प: (१) दर रविवारी मासेमारी. (२) अनुभव त्या त्या दिवशी लिहून ठेवणे. छोट्या बोटीवाल्यांसाठी मराठीत धड व्यवहारी सल्ला कुठेच नाही. कोणीतरी द्यायला हवा. असा कोणीतरी मला दिसत नाही. मी सोडून.

४ एप्रिल, रविवार

ट्रेलर रिव्हर्स घेण्याचा सराव. सुपरमार्केट बंद असतं तेव्हा त्याचं पार्किंग मोकळं असतं. तिथे गेलो.

सल्ला: गाडीला ट्रेलर जोडला की रिव्हर्समध्ये जग उलटं होतं. ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर चाक डावीकडे फिरवायचं. सोपी युक्ती म्हणजे स्टिअरिंग तळाशी धरायचं. मग हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलरचं ढुंगण जातं. घाई करायची नाही. वाकडं गेलं तर पुढे येऊन सरळ करायचं, नाहीतर गाडी आणि ट्रेलर घडीच्या चाकूसारखे मिटतात.

तासाभरात हे आत्मसात केलं.

घरी परतताना शेजारच्या वकिलांचं फाटक मध्ये आलं. फाटक आधीच तिरकं होतं. वकिलांना तसं सांगितलं. ते म्हणाले, आता जास्त तिरकं आहे. माणूस धंद्यामुळे शब्दात पकडतो. ही म्हणाली, अंगणसुद्धा वाकडं असेल. म्हणी फेकणं म्हणजे युक्तिवाद नव्हे.

११ एप्रिल, रविवार

आज बोट पाण्यात. खाडीवर बोटक्लबचा सिमेंटचा उतार आहे, तिथून ट्रेलर मागे मागे पाण्यात न्यायचा आणि बोट सोडायची. सोबत साडू. साडू दातांचे डॉक्टर आहेत, स्वभावाने अतिशय गरीब. कुठलीही गोष्ट विचारा, म्हणतात, 'बघू.' त्यामुळे बोटीवर बरोबर न्यायला आदर्श माणूस. दोन कॅप्टन एका बोटीत चालत नाहीत.

उतारावर रिव्हर्स तिसऱ्या प्रयत्नात. (चौथ्या, असं साडू म्हणाले असते, पण म्हणाले नाहीत.) मागे रांग लागली होती. लोकांना घाई फार.

बोट तरंगली. सुंदर तरंगली. मग थोडी कमी तरंगली.

सल्ला: बोटीच्या मागच्या तळाला एक भोक असतं, आत साचलेलं पाणी ट्रेलरवर असताना निथळून जावं म्हणून. त्याला बूच असतं. ते बूच बोट पाण्यात जाण्याआधी लावायचं. ही बाब इतकी साधी आहे की पुस्तकं लिहिणारे तिच्याकडे दुर्लक्ष करतात.

घरी आल्यावर हिने बोटीबरोबर आलेली पुस्तिका उघडून पहिलं पान समोर ठेवलं. बुचाचं चित्रही होतं. मी पहिलं पान वाचत नाही. पहिल्या पानावर जाहिरातच असते.

१८ एप्रिल, रविवार

बूच लावलं. दोनदा तपासलं.

पहाटेची वेळ मासेमारीला उत्तम. मासे प्रवाहाच्या कडेला असतात, जिथे वेगाचं आणि संथ पाणी भेटतं तिथे. आवाज करायचा नाही, डबा बोटीच्या तळावर आपटायचा नाही. हे सगळं मी साडूंना जाताना समजावलं. साडू म्हणाले, बघू.

जागा अप्रतिम निवडली. एका वळणावर, उथळ, शांत. गळ टाकले. पाणी इतकं शांत की हलेना. मग कळलं की हलत होतं, पण आपल्यापासून लांब. ओहोटी.

अर्ध्या तासात बोट चिखलात बसली. सगळीकडे चिखल, मध्ये आम्ही. मी उतरून ढकलायला गेलो, गुडघ्यापर्यंत आत गेलो, एक बूट तिथेच राहिला. साडूंनी मला काखेत धरून वर ओढलं. मग दुपारपर्यंत बसलो. एक बगळा बोटीभोवती चालत फिरला. चालत! त्याने आमच्या डोळ्यांदेखत दोन मासे उचलले.

साडूंनी सगळी सँडविचेस खाल्ली. तक्रार नाही केली, पण माझ्या वाटची पण खाल्ली.

सल्ला: भरतीओहोटीचं वेळापत्रक बघून निघावं. भरती चढत असताना उथळात जावं, उतरत असताना नाही. वेळापत्रक क्लबच्या फळ्यावर लावलेलं असतं. फळा दाराच्या मागे आहे. दाराच्या मागे फळा कोण लावतं?

२० एप्रिल, मंगळवार

दुकानात एका बाईंनी विचारलं, तुम्हीच का ते, चिखलात बसलेले? गाव छोटं असलं की असंच. म्हटलं, अभ्यास चालू होता. त्यांनी सर्वांत स्वस्त फ्रेम घेतली.

२५ एप्रिल, रविवार

भरती बरोबर साधली. बूच बरोबर. चिखल नाही. मी साडूंना म्हटलं, तिन्ही विषयांत पास.

गळ टाकण्याचा सराव. पहिल्याच फेकीत गळ माझ्या टोपीत. टोपी पाण्यात. टोपी ओढून घेतली. दुसऱ्या फेकीत साडूंच्या बाहीत. साडूंनी खिशातून छोटी पक्कड काढली आणि गळ शांतपणे सोडवला. म्हणाले, दुखणार नाही. सवयीने.

सल्ला: बोटीत टोपी आणि चष्मा दोन्ही हवेत. उन्हासाठी नव्हे, गळासाठी. हे चष्म्याच्या दुकानदाराने सांगितलं म्हणून धंद्याचं समजू नये. गळाच्या टोकाला मागे जो उलटा काटा असतो तो पक्कडीने दाबून टाकावा. मासा थोडा सुटतो, पण माणूस लवकर सुटतो.

मासा: नाही. परंतु आमिष दोनदा खाल्लं गेलं. म्हणजे मासे आहेत, आणि माझ्या हातचं त्यांना आवडतं.

मुलीचा फोन आला. विचारलं, बाबा, तुम्ही लाइफ जॅकेट घालता ना? म्हटलं, बोटीत आहेत. म्हणाली, अंगावर? म्हटलं, बाकाखाली. बसायला मऊ पडतं म्हणून साडूंनी एक वर घेतलंय. ती म्हणाली, आईला फोन द्या.

१ मे, शनिवार

उद्या मोठा दिवस. खाडीच्या तोंडाशी, जिथे समुद्र सुरू होतो, तिथे मासे ढिगाने असतात असं क्लबात दोघांना बोलताना ऐकलं. आपल्याशी नाही बोलले, पण ऐकायला बंदी नाही.

टाकी अर्धी आहे. अर्धी म्हणजे पुष्कळ.

ही विचारते, उद्या किती वाजेपर्यंत याल? म्हटलं, ते मासे ठरवतील. म्हणाली, तसं नको, वेळ सांगा. मोठ्या माणसाला शाळेच्या मुलासारखं विचारलं की चिडायला होतं. म्हटलं, येऊ तेव्हा येऊ.

२ मे, रविवार

आज लिहीत नाही. दोन चादरी पांघरून बसलोय. थंडीने.

३ मे, सोमवार

दुकान बंद ठेवलं. काल काय झालं ते शांतपणे, अतिशयोक्ती न करता लिहितो, कारण घरात सध्या त्याच्या फार अतिशयोक्त आवृत्त्या फिरत आहेत.

सकाळ उत्तम. वारा होता, पण तो किनाऱ्यावरून पाण्याकडे जाणारा, त्यामुळे जाताना जाणवला नाही. जाणवला नाही म्हणजे नाही, असं मी धरून चाललो. खाडीच्या तोंडाशी तीन-चार जागा बदलल्या. प्रत्येक वेळी पुढची जागा चांगली दिसायची. दुपारी परत फिरलो आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं.

टाकी रिकामी. ओहोटी बाहेर ओढत होती, वारा बाहेर ढकलत होता. किनारा हळूहळू बारीक होत गेला.

मी शांत होतो. साडूंना म्हटलं, नांगर टाकू, थांबू, कोणीतरी येईल. नांगर टाकला. दोरी मागच्या कडीला बांधली, कारण मी मागेच बसलो होतो. बोट वळली आणि पाठ लाटांकडे झाली. पहिली लाट इंजिनावरून आत आली. दुसरी माझ्या मांडीवर.

साडू मोठ्याने म्हणाले, "दोरी पुढे बांधा!"

इतक्या वर्षांत या माणसाचा वर गेलेला आवाज मी ऐकला नव्हता. मी म्हटलं, बघू. कसं तोंडून गेलं कळत नाही. तेव्हा साडू स्वतः रांगत माझ्यापाशी आले, दोरी सोडली, दाताने गाठ ओढली, आणि रांगत पुढे जाऊन टोकाला बांधली. बोट वळली. तोंड लाटांकडे. पाणी यायचं थांबलं. मग त्यांनी बाकाखालची जॅकेटं काढली, एक माझ्या गळ्यात घातलं, पट्टा ओढून बांधला, जसा पेशंटला ॲप्रन बांधतात. आणि डब्याने पाणी उपसायला लागले.

मीही उपसलं. माझ्याकडे दुसरा बूट होता.

फोन खिशात होता. खिसा पाण्यात होता.

अंधार पडायच्या सुमाराला क्लबची मोठी बोट आली, सेक्रेटरी स्वतः. मी हात हलवून म्हटलं, आम्ही ठीक आहोत. सेक्रेटरीने दोर फेकला. तो साडूंनी झेलला.

सल्ला: इंधनाचे तीन भाग करावेत. एक जायला, एक यायला, एक ठेवून द्यायला. नांगर नेहमी पुढून. दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावी, आखडती दोरी नांगर उपटते. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात. आणि जॅकेट अंगावर. बाकाखालचं जॅकेट म्हणजे उशी.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. फक्त क्रम चुकला.

५ मे, बुधवार

ही बहिणीकडे गेली आहे. दोन दिवसांसाठी म्हणाली. बॅग मोठी होती.

मेहुणीला फोन केला. म्हणाली, "भावोजी, हौस तुमची, मग त्यात माझा नवरा कशाला?" म्हटलं, ते आपणहून येतात. म्हणाली, ते कोणाला नाही म्हणत नाहीत, एवढंच. म्हटलं, हिला फोन दे. म्हणाली, ती झोपली आहे. मागे हिचा आवाज येत होता.

वकील फाटकावरून म्हणाले, बोट विकायची असेल तर माझा एक अशील आहे. म्हटलं, विकायची नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, तरी मी पुन्हा सांगितलं.

दुकानातल्या मदतनिसाने, गिऱ्हाइकाने आणि दूधवाल्याने, सगळ्यांनी एकच सल्ला दिला. सगळं जग उंटावरून शेळ्या हाकतंय. बोट विकायची नाही, विकायची नाही, विकायची नाही.

रात्री मीच भात लावला. खाली लागला.

८ मे, शनिवार

हिला आणायला गेलो.

साडूंनी दार उघडलं. खांद्याला गरम पाण्याची पिशवी बांधलेली. उपसून उपसून खांदा धरलाय, म्हणाले, पण आत या. मेहुणी आतल्या खोलीत गेली आणि दार बंद झालं, फार जोरात नाही, पण मला ऐकू येईल इतकं. ही स्वयंपाकघरात चहाचं बघत होती.

मी म्हटलं, झालं ते झालं. आता सगळे धडे शिकून झालेत.

ही गॅसकडेच बघत म्हणाली, "चार वाजता फोन लावला, बंद. पाच वाजता क्लबला फोन केला. ते म्हणाले, कुठल्या बाजूला गेलेत? मला सांगता येईना. कधी यायचे होते? ते पण सांगता येईना. मग मी खाडीवर आले. तिथे आपली गाडी आणि मागे रिकामा ट्रेलर. त्या ट्रेलरकडे बघत उभी होते. मुलीला फोन करायचा की नाही, आणि केला तर काय सांगायचं, एवढंच ठरवत होते."

चहा उतू गेला. दोघांपैकी कोणीच गॅस बंद केला नाही. शेवटी मी केला.

ती म्हणाली, "विकून टाका ती."

मी म्हटलं, नाही.

का, म्हणाली. याला माझ्याकडे तयार उत्तर होतं, बीपीचं. ते दिलं नाही. सांगितलं की दिवसभर मी अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलतो आणि विचारतो, आधीची बरी की ही बरी? लोक सांगतात आणि जातात. मला कोणी विचारत नाही. पाण्यावर गेलो की पहिल्या पाच मिनिटांत वाटतं, ही बरी. मग काहीतरी बिघडतं. पण ती पाच मिनिटं असतात.

तिने ओट्यावरचं फडकं उचललं. मग म्हणाली, "मला कधी बोलला नाहीत."

म्हटलं, तू पण विचारलं नाहीस. हे बोलायला नको होतं. पण ती चिडली नाही. ओट्यावरचा सांडलेला चहा पुसला.

परत येताना गाडीत मी तीन अटी घातल्या. एक, जॅकेट घरातून निघतानाच अंगात. दोन, कुठे जातो आणि किती वाजता येतो हे लिहून फ्रिजवर लावायचं, आणि ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात क्लबला फोन. तीन, साडूंना नेणार नाही. या अटी मी घातल्या. फक्त उच्चारल्या तिने.

१० मे, सोमवार

सेक्रेटरीचा फोन! क्लबचे नवे सभासद आलेत, येत्या रविवारी त्यांच्यासमोर तुम्ही बोलाल का, असं विचारलं. छोट्या ट्रेलर बोटीबद्दल. अनुभवावर.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. फोन ठेवला. उचलला. हो म्हटलं.

सोमवारी दोर फेकणारा माणूस पुढच्या सोमवारी व्याख्यान मागतो. नाही, दोर रविवारी फेकला होता. तरी. पडलो तरी नाक वर असं म्हणणाऱ्यांनी नाक कुठे पोचलंय ते बघावं.

१२ मे, बुधवार

भाषणाची तयारी. जॅकेट घालून आरशासमोर. गळ्याशी घट्ट होतं, त्यामुळे आवाज भारदस्त येतो. ही म्हणाली, पट्टा उलटा लावलाय. सरळ केला. आवाज साधा झाला.

मुलगी फोनवर हसली. नको तिथे हसते, आईवर गेली आहे.

१५ मे, शनिवार

भाषण चौथ्यांदा वाचलं. एकूण छान आहे. 'मी' हा शब्द जरा जास्त वेळा येतो असं ही म्हणते. म्हटलं, अनुभव कोणाचा आहे? म्हणाली, निम्मा माझ्या दाजींचा आहे.

साडूंना आमंत्रण दिलं. म्हणाले, येतो. 'बघू' म्हणाले नाहीत. माणूस बदललाय.

१६ मे, रविवार

सभागृह भरलेलं. दारावर पाटी: 'नव्या सभासदांसाठी: टाळता येण्यासारखे अपघात. उदाहरणासह.'

मी सेक्रेटरीला म्हटलं, उदाहरणाचं मला बोलला नव्हतात, कोणतं देऊ? तो म्हणाला, "तुम्ही आलात ना."

तरीही बोललो. बूच, ओहोटी, गळ, टाकी, नांगर. प्रत्येक मुद्द्यावर लोक हसत होते. मी गंभीरपणे सांगत होतो, म्हणून जास्त हसत होते. नांगराच्या वेळी कोणीतरी विचारलं, मग दोरी पुढे कोणी बांधली? साडू दाराजवळ बसले होते. त्यांना उठावं लागलं. म्हणाले, "दोरी पुढेच बांधायची," आणि बसले. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांना. पाच शब्दसुद्धा नाहीत.

मग मी फ्रिजवरच्या कागदाबद्दल बोललो. ते भाषणात लिहिलेलं नव्हतं. सांगितलं की रिकाम्या ट्रेलरजवळ उभं राहून कोणी वाट बघत असेल तर त्याला निदान किती वाजेपर्यंत बघायची ते माहीत असावं. तिथे कोणी हसलं नाही. मला वाटलं भाषण पडलं. दोन-चार जण लिहून घेत होते.

शेवटी प्रश्न. पुढच्या रांगेतल्या एका नव्या बाईंनी विचारलं, "सर, या बोटीतून तुम्ही आजवर काय काय धरलंत?"

मी पाणी प्यायलो. ग्लास संपला. पुन्हा भरला.

मागून हिचा आवाज आला, "हट्ट."

सभागृह हसून कोसळलं. साडू टाळ्या वाजवत होते, दुखऱ्या खांद्याने. सेक्रेटरीला डोळे पुसावे लागले. आणि हीसुद्धा हसत होती, तोंडाला पदर लावून, खूप दिवसांनी. मी हसलो नाही. नंतर हसलो.

निघताना सेक्रेटरी म्हणाला, पुढच्या वर्षी पण याच विषयावर या. म्हटलं, पुढच्या वर्षी नवे अनुभव घेऊन येईन. तो म्हणाला, त्याबद्दल क्लबला शंका नाही.

गाडीत हिला विचारलं, इतक्या लोकांत बोलायचं का? म्हणाली, खोटं होतं का? मग थोड्या वेळाने म्हणाली, पुढच्या रविवारी भरती सकाळी आहे, मी येते. फळा बघून आली होती. दाराच्या मागचा.

इंजिनपाशी ही बसणार आहे. मी पुढे, नांगरापाशी. पुढची जागा फार जबाबदारीची असते, हे मी तिला घरी येईपर्यंत समजावून सांगितलं.

तिथून बोट वळवता येत नाही.